तीनशे अठरा क्रमांकाचं पान

१

तीनशे सतरा होतं. तीनशे एकोणीसही होतं. मधलं पान मात्र कोरं होतं. उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं ३१८ असा आकडा, त्याखाली २२ जुलै १९५७ ही तारीख, आणि खाली सगळं पांढरं.

मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी पान उलटून पाहिलं. पाठही कोरीच.

"चोरी आहे ही," संस्थेचे सचिव खुशालराव म्हणाले. "साधी-सरळ चोरी. कोनंतरी लिवलेलं पान काढलं अन् कोरं घातलं. काहो जानरावजी, असंच ना?"

जानराव पानाकडेच पाहत होते. बोलण्याआधी तीनदा विचार करायचा आणि मग बोलायचंच राहून जायचं, ही त्यांची जुनी खोड.

गोष्ट बासष्ट सालच्या ऑगस्टमधली, अकोल्याच्या मुलींच्या शाळेतली. शाळा नागनाथ विद्याप्रसारक मंडळाची. मंडळाच्या सात शाळा, नांदगाव खंडेश्वरापासून तेल्हाऱ्यापर्यंत पसरलेल्या, आणि कचेरी अमरावतीला. एक्कावन्न साली त्या कचेरीत कंदील पडून आग लागली आणि सगळा पत्रव्यवहार जळाला. मास्तरांना आपली नोकरी सिद्ध करायला दोन-दोन वर्षं खेटे घालावे लागले. त्याच वर्षी तेव्हाचे सचिव अण्णासाहेब यांनी आपल्या मुख्य कारकुनाला बोलावून सांगितलं, "जानराव, पुन्हा असं होऊ नये याचा बंदोबस्त करा."

जानरावांनी आठ दिवस खपून नियम लिहिले. कचेरीत आलेल्या प्रत्येक पत्राची हातानं नक्कल करायची. आठवड्याच्या नकला सुईदोऱ्यानं शिवून शनिवारच्या पॅसेंजरनं अकोल्याला पाठवायच्या. तिथं दुर्गाबाईंनी पानं मोजायची, आकडा सोबत आलेल्या आवक बारनिशीच्या, म्हणजे पत्रांच्या नोंदवहीच्या, उताऱ्याशी ताडायचा, 'मेळ बरोबर' अशी पोच पाठवायची आणि गठ्ठा कपाटात ठेवायचा. कोणी सांगायची गरज नाही, कोणाला आठवण द्यायची गरज नाही. अकरा वर्षं हे घड्याळासारखं चाललं होतं. छप्पन सालच्या दिवाळीत जानराव निवृत्त झाले, तरी शनिवारी स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली की गठ्ठा गेला असेल, असं त्यांच्या मनात येऊन जाई. आयुष्यात आपण एकच काम धड केलं, असं त्यांना वाटे.

आणि आज त्या कपाटाची पहिल्यांदा खरी गरज पडली, तर पान कोरं.

दाराशी शकुन उभी होती. तेल्हाऱ्याच्या शाळेतली शिक्षिका, जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या डोमाजी तायडेंची मुलगी. सत्तावन साली ती लागली तेव्हा तिचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. शिक्षण खात्यानं खास सवलत देऊन नेमणूक मंजूर केली होती, पाच वर्षांत प्रशिक्षण पुरं करायच्या अटीवर. तिनं ते चार वर्षांत केलं. पण मंजुरीचं पत्र मंडळाकडे आलेलं. कचेरीतली तेल्हाऱ्याची फाईल या आषाढात वाळवीनं खाल्ली. खात्याच्या ज्या कचेरीतून पत्र आलं होतं ती दोन वर्षांपूर्वी, नवं राज्य झालं तेव्हा मोडली. तिचे कागद पेट्यांत बांधून कुठं गेले ते कोणालाच सांगता येईना. सोमवारी तपासनीस येणार होते. पत्र दाखवलं नाही तर नेमणूकच नव्हती असं धरून जागा रिकामी होणार होती.

"माह्यं मास्तरपन आता या कोऱ्या पानावर आहे म्हना," शकुन म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. त्यामुळेच जानरावांना जास्त लागलं.

"पोरी, चोर सापडला की पान सापडते," खुशालराव म्हणाले. "अन् चोर कोन ते मले दिसून राहिलं. तेल्हाऱ्याच्या जागेसाठी दुसरा अर्ज कोनाचा आहे? जमुनाबाईचा. अन् जमुना कोनाची वहिनी? आपल्या नकलनवीस चंद्रभानची!"

जानरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गठ्ठा डोळ्यांजवळ नेला. दोरा जुना होता, पिवळा पडलेला. गाठ तीच, त्यांनी स्वतः चंद्रभानला शिकवलेली. त्यांनी तीनशे अठरा नंबरचं पान उजेडाकडे धरलं. सुईची तीन भोकं. तीनच, आणि वरच्या-खालच्या पानांच्या भोकांशी तंतोतंत जुळणारी.

"खुशालरावजी," ते पुटपुटले, "माझं चुकत असेल. पण हे पान मागाहून घातलेलं नाही. गठ्ठा पहिल्यांदा शिवला तेव्हापासून ते कोरंच आहे."

२

खुशालराव चार वाजताच्या गाडीनं निघून गेले. शकुन अकोटमार्गे तेल्हाऱ्याला. जानराव मागे थांबले, कारण त्यांना कपाटाजवळून हलवेना.

दुर्गाबाईंनी त्यांच्यासाठी बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात करायला सांगितला होता. मुख्याध्यापिका म्हणून त्यांचा दरारा होता; गणित शिकवीत आणि माणसांकडेही उदाहरण सोडवायला घेतल्यासारखं पाहत.

"जेवून घ्या. उपाशी डोक्यानं बेरजा चुकतात."

"दुर्गाबाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारण्याआधीच रागवायची पाळी आणता तुम्ही, जानरावजी. विचारा."

"तुम्ही अप्रशिक्षित शिक्षकांच्या विरुद्ध मंडळाला पत्र लिहिलं होतं ना? सत्तावन साली?"

"लिहिलं होतं. आजही लिहीन. शिकवायला येणाऱ्यानं आधी शिकून यावं." त्यांनी वाटीत तेल ओतलं. "पण शकुनचा पाठ मी स्वतः पाहिलाय. अपूर्णांक ती भाकरीवर शिकवते. माझं पत्र अप्रशिक्षितांविरुद्ध होतं, तिच्याविरुद्ध नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते म्हणून विचारताय ना?"

जानरावांचे कान तापले. त्यांनी मान खाली घालून भात कालवला.

"मग विचारताना मान वर ठेवा. चोराला विचारणाऱ्यानं चोरासारखं बसू नये."

जेवणानंतर जानरावांनी सत्तावन-अठ्ठावन सालचे सगळे गठ्ठे खाली काढले. टाकानं लिहिलेली ती पानं, शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून केलेली ती निळी शाई, कापडी बस्ते, वाळलेला कडुनिंबाचा पाला. या वासात त्यांची तीस वर्षं गेली होती. प्रत्येक पत्र ओळखीचं वाटत होतं. नांदगावच्या शाळेला घंटा हवी. तेल्हाऱ्याच्या विहिरीत बेडूक. एका मास्तरांची रजा, कारण 'वेचणीसाठी घरी माणूस नाही'. त्या काळी माणसं अर्जातसुद्धा घरचं सगळं सांगत.

जानराव वाचत राहिले आणि अचानक थांबले.

तीनशे त्र्याऐंशी. आकडा, तारीख आणि खाली कोरं.

त्यांनी पुढचा गठ्ठा घेतला. चारशे सहा, कोरं. चारशे सात, कोरं.

दिवे लागायच्या वेळेला ते उठले तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. जुलै सत्तावन ते फेब्रुवारी अठ्ठावन, अकरा कोरी पानं. त्याआधी एकही नाही, त्यानंतरही एकही नाही.

शकुनची एक जागा बळकावायला कोण अकरा पानं चोरेल?

३

अमरावतीच्या कचेरीत चंद्रभान नेहमीच्या जागी होता, खिडकीशी, डाव्या हाताला दौत. जानरावांना पाहून तो उभा राहिला. गुरूसमोर उभं राहतात तसा.

"काल साहेबांनी मले सरळ चोर म्हटलं, भाऊ. चार मानसांत."

"तू पान काढलंस का?"

"नाही."

"कोरं पान तू घातलंस का?"

चंद्रभान खाली बसला. त्यानं टाकाचं टोक पुसलं.

"मीच घातलं," तो म्हणाला.

बाजूच्या खोलीतून खुशालराव ताडकन बाहेर आले. दाराआड ऐकतच होते. "पाहा! कबूल झाला!"

"थांबा," जानराव म्हणाले. आपण सचिवांना 'थांबा' म्हणालो याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. "सांग, चंद्रभान. सगळं सांग."

"तुमी गेल्यावर जून महिन्यात गोंधळ झाला, भाऊ. खात्याचं एक पत्र पोचायच्या आधी त्यातली बातमी गावभर झाली. कोनाची नेमनूक होनार, कोनाची नाही. लोक अण्णासाहेबांच्या घरी जाऊन बसले. मंग त्यांनी हुकूम काढला. खात्याचं लाखबंद, 'गोपनीय' लिवलेलं पाकीट मी उघडायचं नाही. बारनिशीत आकडा टाकायचा अन् पाकीट तसंच साहेबांच्या हातात द्यायचं."

"मग नक्कल?"

"न वाचता नक्कल कशी करू? पन तुमचाच नियम होता, एकही आकडा सुटू नये. आकडा सुटला तर दुर्गाबाई गठ्ठा परत पाठवत. म्हनून मी आकडा टाकून पान कोरं ठेवलं. साहेब पत्र देतील तेव्हा लिहू म्हटलं. त्यांनी दिलं नाही, मी मागितलं नाही. लहान तोंडी मोठा घास कसा घेऊ? पुढच्या मार्चात साहेब वारले अन् तो हुकूमबी संपला."

"आणि अकोल्याहून 'मेळ बरोबर' येत राहिलं," जानराव हळूच म्हणाले.

"येनारच. त्या पानं मोजत. पानं बरोबरच होती."

ते नियम जानरावांनीच लिहिले होते. पानं मोजा, असं लिहिलं होतं. पान वाचा, असं कुठंच लिहिलं नव्हतं. ज्याला नक्कल करायची त्याला पत्र उघडायची परवानगी नाही, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आठ महिने कपाट पांढरे कागद गिळत राहिलं आणि प्रत्येक शनिवारी सगळं ठीक असल्याची पोच देत राहिलं.

"म्हंजे पत्राची नक्कल कधी झालीच नाही," खुशालराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "मंग चोरी नाही, अन् पत्रही नाही. त्या पोरीले काय सांगायचं?"

दुसरं काही सुचेना म्हणून जानरावांनी दुर्गाबाईंच्या जुन्या पोचपावत्या टोचून ठेवलेला खिळा काढला आणि सत्तावनच्या पावत्या चाळू लागले. निदान हात चालतो आहे एवढंच समाधान. 'पानं दहा. मेळ बरोबर.' 'पानं बारा. मेळ बरोबर.' मग जुलैचा चौथा शनिवार आला.

'पानं सोळा. पाकीट एक. मेळ बरोबर.'

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. अकरा कोरी पानं आठ आठवड्यांत पडली होती. त्यांनी पावत्या मोजल्या. 'पाकीट एक' ही अक्षरं आठच पावत्यांवर होती, आणि आठवडे तेच होते.

"चंद्रभान, हे पाकीट कसलं?"

"कोनतं पाकीट?" चंद्रभाननं पावती हातात घेतली. त्याचा चेहरा खरोखरच कोरा होता. "गठ्ठ्यात मी कधी पाकीट घातलंच नाही, भाऊ."

४

अकोल्याला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे जानरावांच्या अंगावर काटा येई. यंत्रात ओरडून बोलायचं, आणि आजूबाजूचे सगळे ऐकणार. पोस्टात दीड तास बसल्यावर दुर्गाबाईंचा आवाज आला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"पाकीट ना? होतं! अण्णासाहेबांच्या अक्षरातलं! लाखबंद!"

"ते कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? परत पाठवलं!"

"परत? का?"

"तुमचा दुसरा नियम वाचा, जानरावजी! 'कपाटात फक्त उघडी, वाचता येतील अशी पानं ठेवावीत. बंद पाकीट ठेवू नये.' रिकामी पाकिटं घालून कोणी फसवू नये म्हणून तुम्हीच लिहिलं होतं! मी आठही वेळा परत पाठवलं! वर लिहून, नियमाबाहेर!"

पोस्टातली माणसं वळून बघू लागली. जानरावांनी फोन तोंडाशी घट्ट धरला.

"अण्णासाहेब काही म्हणाले नाहीत?"

"निरोप पाठवला होता एकदा, ठेवून घ्या म्हणून. मी कळवलं, नियम बदलून लेखी पाठवा, ठेवते! लेखी कधी आलं नाही! पुढच्या वेळी पाकीट मात्र आलं, आधीपेक्षा जाड होऊन!"

आता चित्र उलगडत होतं. अण्णासाहेबांनाही कळलं होतं की गोपनीय पत्रांची नक्कल होत नाही. खात्याची पत्रं दोन प्रतींत येत. एक प्रत ते फाईलला लावत आणि दुसरी स्वतः लाखबंद करून अकोल्याला पाठवत. दुर्गाबाई ती परत पाठवत. मग नवं पत्र आलं की जुनी आणि नवी एकत्र करून पुन्हा मोठं पाकीट. दोन हट्टी माणसांमध्ये ते पत्र आठ महिने ये-जा करत होतं.

"शेवटचं कधी परत पाठवलंत?"

"फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी! पावती पाहा!"

अण्णासाहेब त्याच रविवारी पहाटे उपचारासाठी नागपूरला गेले होते. बारा दिवसांनी तिथंच वारले.

"कोणाबरोबर परत पाठवलंत?"

"ज्यानं आणलं त्याच्याचबरोबर! आणखी कोण आहे?"

तीन मिनिटं संपली आणि फोन तुटला. जानराव तो हातात धरून तसेच उभे राहिले. दोन दिवसांत त्यांनी साऱ्यांची उलटतपासणी केली होती. अकरा वर्षं दर शनिवारी गठ्ठा घेऊन जाणाऱ्या माणसाला मात्र कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. त्याला अक्षर येत नव्हतं, एवढ्यावरून सगळ्यांनी त्याला वगळलं होतं.

५

चपराशी मोतीराम नांदगाव पेठेला राहायचा. शनिवारी सकाळी जानराव आणि खुशालराव तिथं पोचले तेव्हा तो अंगणात बैलाच्या शिंगांना तेल चोळत होता. पोळा जवळ आला होता.

"बडेबाबू!" तो धावत आला. "तुमी? अन् सायेबबी? काय झालं बाप्पा? गाडीले तं येळ आहे अजून."

"मोतीराम, अण्णासाहेबांचं एक पाकीट होतं. लाखबंद. दुर्गाबाईंनी परत दिलेलं."

"आहे ना."

एवढंच म्हणाला. चार वर्षं जे कोणाला ठाऊक नव्हतं, ते त्यानं 'घरी ज्वारी आहे' म्हणावं तसं सांगितलं.

"आहे?" खुशालराव ओरडले. "अरे मंग सांगतलं काहून नाहीस?"

"कोनी इचारलंच नाई, सायेब. तुमी चंद्रभानभाऊचं पान धुंडून राहिले होते. पाकिटाची गोठ कोनं काढली?"

तो आत गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन आला. पेटीत लग्नातलं धोतर, त्याखाली मेणकापड, आणि मेणकापडात पाकीट. दोऱ्यानं बांधलेलं, लाख शाबूत. अण्णासाहेबांचं ते उभट, डावीकडे झुकलेलं अक्षर पाहून जानरावांच्या डोळ्यांसमोर एकदम त्यांची पांढरी टोपी आणि तपकिरीची डबी आली.

खुशालरावांनी हात पुढे केला. मोतीरामनं पाकीट छातीशी धरलं.

"नाई."

"नाई म्हंजे? मी सचिव आहो!"

"तुमी सचिव आहा. पन अण्णासायबानं मले हुकूम देला होता, मोतीराम, हे दुर्गाबाईच्या हाती दे, त्याइनं नाई घेतलं तं वापस माह्याच हाती. तिसऱ्या कोनाच्याच नाई. बाईनं घेतलं नाई. घेऊन आलो तं सायेब नागपूरले गेले. मंग आलेच नाई. म्हनून ठेवलं."

"मी आता लेखी हुकूम देतो!"

"द्या ना. तुमचा हुकूम तुमच्या पाकिटाले. हे त्याइचं आहे."

खुशालरावांचा चेहरा लाल झाला. "नोकरीवरून काढीन!"

"काढा बाप्पा. पाकीट तं मंग घरीच राहीन."

जानरावांना हसू आलं. चंद्रभाननं हुकूम पाळला, दुर्गाबाईंनी नियम पाळला, मोतीरामनं शब्द पाळला. एकानंही लबाडी केली नव्हती. सगळ्यांच्या प्रामाणिकपणाची कुलपं एकावर एक बसली होती आणि आत एका मुलीची नोकरी अडकली होती. सोमवारला दोन दिवस होते. परवानगी देणारा माणूस चार वर्षांपूर्वी गेला होता.

हिसकावून घेता आलं असतं. जानरावांच्या मनात ते आलंही. पण मोतीरामकडे पाहून ते त्यांना जमलं नसतं.

"मोतीराम," ते सावकाश म्हणाले, "अण्णासाहेब घरी नसले आणि त्यांचं काही द्यायचं असलं, तर तू कोणाला द्यायचास?"

मोतीरामनं विचार केला. "मैनाबाईले. पन इचारून."

"मग चल. विचारू."

६

अण्णासाहेबांचं घर अंबागेटच्या आत होतं. जानरावांच्या घरापासून चार गल्ल्या. निवृत्तीनंतर ते तिथं फक्त एकदाच गेले होते, अंत्ययात्रेला. मधल्या काळात कितीदा तरी निघाले आणि कोपऱ्यावरून वाचनालयाकडे वळले. साहेबांना कामं असतात. रिकामटेकड्या कारकुनानं जाऊन त्यांचा वेळ कशाला खायचा, असं त्यांना वाटे.

अण्णासाहेबांच्या पत्नी मैनाबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. केस पार पांढरे झाले होते. तिघांना पाहून त्यांनी सुपली बाजूला केली.

"जानरावभाऊ? वाट चुकले काय?"

मोतीराम खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. हुकूम, पाकीट, नागपूर. शेवटी म्हणाला, "तुमी सांगता, बाई? देऊ?"

मैनाबाईंनी हात पुढे केला. "दे. मी सांगते."

त्यानं दोन्ही हातांनी पाकीट त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मग उठून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आता काय?" खुशालराव.

"पोच पाहिजे ना, सायेब. पोचेबिगर कसा जाऊ?"

मैनाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी जानरावांकडून कागद घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'पाकीट एक पोचलं.' मोतीरामनं ती चिठ्ठी घडी करून टोपीत खोचली, आणि चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखा भिंतीला टेकून बसला.

लाख फोडायला मैनाबाईंनी विळी घेतली नाही. नखानं हळूहळू सोलत राहिल्या. आत अकरा पत्रं होती, खात्याच्या सहीशिक्क्यासह. सगळ्यात जुनं तेल्हाऱ्याचं. 'कु. शकुन डोमाजी तायडे यांची नेमणूक खास बाब म्हणून मंजूर...' खुशालरावांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि तिसऱ्यांदा मनातल्या मनात.

मैनाबाई रिकाम्या पाकिटावरच्या अक्षरावरून बोट फिरवत होत्या.

"हे पाकीट परत आलं की घरी येऊन चिडायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणे, तुमी सचिव आहा, बदलवा ना तो नियम. तं म्हणत, जानरावचा नियम आहे. त्यानं आठ दिवस घालून लिवला. त्याले इचारल्याशिवाय मी त्यातला शब्द हलवनार नाही. उद्या जातो म्हणे त्याच्याकडे. आन् त्याले त्रास कशाले द्यायचा, म्हातारपनी पुस्तकं वाचून राहिला असन बिचारा, म्हणून राहूनच गेलं."

चार गल्ल्या. तेही कोपऱ्यावरून वळले असतील काय?

जानरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

७

सोमवारी तपासनीसांनी पत्र वाचलं, शिक्का उजेडात धरला, क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला आणि "बरं" म्हणाले. सगळ्या धावपळीला एवढाच एक शब्द. मग ते पटावरची हजेरी पाहायला निघून गेले.

जानराव पत्र घेऊन स्वतः तेल्हाऱ्याला आले होते. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवण्यावर आता त्यांचा विश्वास उरला नव्हता आणि नियमांवरही. शाळेसमोरच्या निंबाखाली त्यांनी शकुनला थांबवलं. रात्रभर जुळवलेलं बोलणं ऐन वेळी विस्कटलं.

"बाई, यात चंद्रभानचा दोष नाही. दुर्गाबाईंचा, मोतीरामचा, कोणाचाच नाही. नियम माझे होते. पानं मोजायला सांगितली, वाचायला सांगितली नाहीत. कोणी उघडायचं, कोणी ठेवायचं, उघडणारा नसला तर कोणी, हे लिहिलंच नाही. तुमची नोकरी माझ्यामुळं जात होती."

शकुन हातातला खडू बोटांत फिरवत राहिली.

"सर, एक सांगू?"

"सांगा."

"चंद्रभानभाऊनं ते कोरं पान ठेवलं नसतं तं? आकडाच गाळला असता तं?"

"तर... तर काही हरवलंय हेच कळलं नसतं."

"अन् ते पान त्यानं काहून ठेवलं?"

जानरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या नियमानं," तीच म्हणाली. "माह्या बापाचं उभ्या जन्मात कोठी नाव नाही लिवलं गेलं, सर. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं ओझं वाहिलं, कोनत्या कागदात नाही. त्याच्यासाठी कोनं कोरं पानबी ठेवलं नाही. माह्या नावाची जागा तं राखलेली होती."

खुशालरावांनी नवे नियम लिहायला जानरावांनाच सांगितलं होतं. पहिला जानरावांनी बसमध्येच पेन्सिलीनं लिहिला होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कपाटातलं कोणतंही एक पान बाहेर काढावं आणि दोघांसमोर मोठ्यानं वाचावं. वाचता आलं तरच मेळ बरोबर. तो शकुनला दाखवावा असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढ्यात आतून तपासनीसांनी हाक मारली. त्यांना चौथीचा पाठ पाहायचा होता.

"जाते, सर."

ती आत गेली. खिडकीतून तिचा आवाज आला, "कोनाच्या डब्यात आख्खी भाकर आहे? आना इकडं." मुलांचा गलका झाला. एक भाकर फळ्यासमोर वर धरली गेली.

"याचे चार सारखे वाटे केले. एक मी खाल्ला. उरले किती?"

"तीन!"

"तीन काय? तीन भाकरी?"

वर्ग शांत झाला. मुलं विचार करत होती. निंबाखाली जानरावही नकळत श्वास रोखून उभे राहिले.

रस्त्यावर अकोटची बस येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, त्यांच्याकडे पाहून हात केला. जानरावांनी नकाराची मान हलवली. पुढची बस चार वाजता होती.